परदेशात कामाला निघालेल्या सोलापूरकरांचे नेहमीचे प्रश्न : एजंट, लाच, पोलीस, पगार आणि जीव

आधी मी कोण ते सांगतो. मी साखर कारखान्यातला मिल फिटर. आपल्या जिल्ह्यात कारखाने ढिगानं, पण गळीत हंगाम संपला की निम्मे लोक घरी बसतात, म्हणून मी पहिल्यांदा पूर्व आफ्रिकेत एका साखर कारखान्यावर गेलो, मग आखातात, सगळी मिळून नऊ वर्षं झाली. आता जुळे सोलापुरात असतो आणि आठवड्याला तीन-चार जण तरी फोन करतात किंवा घरी येतात, दादा जरा ऑफर लेटर बघा म्हणून. तेच तेच प्रश्न असतात, म्हणून एकदाच लिहून काढलं.

एजंट खरा आहे का खोटा, कसं ओळखायचं?

ऑफिस बघून ओळखता येत नाही. एसी, काचेचं दार, भिंतीवर बुर्ज खलिफाचा फोटो, हे सगळं भाड्यानं मिळतं. परराष्ट्र मंत्रालयाची ई-मायग्रेट नावाची वेबसाईट आहे, आता मोबाईल अ‍ॅपपण आहे, त्यात लायसन असलेल्या सगळ्या एजंटांची यादी असते. लायसन नंबर टाकायचा आणि तीन गोष्टी बघायच्या. नाव तेच आहे का, पत्ता तोच आहे का, आणि लायसन चालू आहे का संपलंय. लोक पहिली बघतात आणि खूश होतात. मुंबईतल्या खऱ्या कंपनीचा नंबर आपल्या व्हिजिटिंग कार्डावर छापून फिरणारे मी स्वतः बघितलेत, म्हणून वेबसाईटवरच्याच फोनवर लावून विचारायचं, सोलापुरात तुमचा असा असा माणूस आहे का?

बहुतेक वेळा उत्तर येतं, नाही. कारण सोलापुरात जो आपल्याला भेटतो तो एजंट नसतोच, तो सब-एजंट असतो, म्हणजे कुणाचा तरी मेहुणा, कुणाचा तरी जुना दोस्त, जो डोकं मोजून कमिशन घेतो. १९८३ च्या एमिग्रेशन (परदेशी कामाला जाण्याच्या) कायद्यात ह्या सब-एजंटला जागाच नाही. पण आपण फसतो ते ह्याच्याकडेच, कारण तो ओळखीचा असतो, आईला काकू म्हणतो, गड्ड्याच्या जत्रेत आपल्याबरोबर फिरलेला असतो. बाहेरदेशी लुटणारे भेटतात, नाही असं नाही, पण माझ्या पाहण्यातली दहातली आठ माणसं विमानात बसायच्या आधीच लुटली गेली होती.

किती पैसे द्यायचे? दीड लाख मागतायत.

कायद्यानं एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये सर्व्हिस चार्ज घेऊ शकतो, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० झाले. त्याची पावती मिळाली पाहिजे आणि पैसे खात्यातून गेले पाहिजेत. दुबई ज्यात येते त्या एमिरातीसारख्या देशात तर भरतीचा खर्च मालकानंच करायचा असा तिथला कायदा आहे, म्हणजे व्हिसाचे म्हणून जे ऐंशी हजार मागतात ते बऱ्याचदा मालकानं आधीच भरलेले असतात, आपल्याकडून दुसऱ्यांदा वसूल.

हिशोब करून बघा. दीड लाख शेकडा तीननं काढले, म्हणजे महिन्याला साडेचार हजार नुसतं व्याज. पगार १,००० दिरहम, दिरहम धरा २३-२४ रुपये. जेवण-मोबाईल जाऊन हातात काय राहतं? पहिलं वर्ष फक्त सावकारासाठी. आणि कर्ज असलेला माणूस तिथं कसलाही त्रास सहन करतो, हे मालकाला पक्कं माहीत असतं. खरा धोका तो आहे.

"आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर वर्क व्हिसा करून देतो" म्हणाला. चालतं का?

नाही. होतं कधी कधी, मी नाही म्हणत नाही, दुबईत स्वतः फिरून नोकरी शोधणारे शिकलेले लोक असतात. पण मजूर, हेल्पर, ड्रायव्हर, घरकामाला व्हिजिटवर पाठवतात ते वेगळ्याच कारणासाठी, कारण व्हिजिटवाला सरकारच्या रेकॉर्डवर कामगार म्हणून येतच नाही. विमा नाही, करार नाही, तक्रार करायला गेलं तर पहिला गुन्हेगार तूच, कारण व्हिजिटवर काम करणं गुन्हा आहे. आणि हे एजंटला चांगलं कळतं. विमानतळावर विचारलं तर "फिरायला चाललोय" सांगा म्हणून शिकवतात, हॉटेलचं खोटं बुकिंग हातात देतात, "अमुक काउंटरवरच जा, सेटिंग आहे" म्हणतात. ते सेटिंग झालं नाही तर अडकतो तो आपला माणूस, एजंट तोवर दादरला चहा पीत असतो.

आझाद व्हिसा म्हणजे काय? सौदीसाठी ऑफर आहे, दोन लाख सांगितलेत.

आझाद बिझाद काही नसतं. सौदीत प्रत्येक परदेशी कामगाराच्या इकाम्यावर, म्हणजे तिथं राहायच्या परवान्यावर, कफील असतो, म्हणजे ज्याच्या नावावर तुम्ही आलात तो मालक. आझाद व्हिसा म्हणजे त्या कफीलानं कागदावर नोकरी दाखवून व्हिसा विकला, तुम्ही बाहेर मिळेल ते काम करायचं आणि त्याला महिन्याला पैसे द्यायचे. रस्त्यावर चेकिंग झालं की दुसऱ्याकडे काम करतो म्हणून थेट आत. आणि कफीलाचं डोकं फिरलं तर तो हुरूब टाकतो, म्हणजे कामावरून पळाला अशी नोंद करतो. हुरूब लागला की इकामा मेला, बँक बंद, दवाखाना बंद, सरळ मार्गानं घरीपण येता येत नाही.

व्हिसावरचा हुद्दा मात्र जरूर वाचून घ्या. अरबीत असतो, आपल्याला काय कळतंय, पण नई जिंदगीकडे किंवा विजापूर वेशीत अरबी वाचणारं कुणीतरी भेटतंच, किंवा सौदीहून परत आलेला एखादा चाचा. कूक म्हणून नेलेला माणूस वाळवंटात शेळ्या-मेंढ्या राखत बसलाय आणि पाण्याचा टँकर आठवड्यानं येतोय, ह्या गोष्टी कल्पनेतल्या नाहीत. मार्च २०२१ पासून सौदीनं नोकरी बदलायचे नियम सैल केले, पण घरकामगार, घरचे ड्रायव्हर, माळी, मेंढपाळ त्यातून वगळले होते. म्हणजे ज्यांना जास्त गरज त्यांनाच नाही. कतारनं २०२० मध्ये जुन्या मालकाच्या एनओसीची अट काढली, तिथं तेवढं बरं.

पासपोर्टवर ईसीआर शिक्का (परदेशी कामाला जाताना सरकारी तपासणी लागेल असा) आहे, तो काढून घेऊ का?

दहावी पास असाल तर मुळात तो लागायलाच नको, बोर्डाचं सर्टिफिकेट दाखवून नवा पासपोर्ट बिनशिक्क्याचा मिळतो, पासपोर्टचं काम आता सोलापुरातच होतं. दहावी नापास असाल तर राहू द्या. एजंट तुम्हाला कुठलंतरी बनावट सर्टिफिकेट करून देतो म्हणतील, चुकूनही घेऊ नका, पासपोर्टात खोटं घालणं तुमच्या नावावर गुन्हा.

आणि शिक्का म्हणजे अपमान नाही. सौदी, एमिराती, कतार, कुवेत, ओमान, बहरीन, मलेशिया, इराक, लिबिया असे १८ देश आहेत, तिथं शिक्केवाल्याला कामाला जायचं तर आधी सरकारची परवानगी लागते, करार तपासला जातो, आणि प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. १० लाखांचा विमा आहे, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि टॅक्स. २७५! आपण गड्ड्यात पाळण्यावर एवढे घालवतो. बिनशिक्क्याच्या पासपोर्टवाल्यांनीपण नोंदणी करून हा काढावा असं माझं स्पष्ट मत आहे.

मेडिकलमध्ये "अनफिट" आलंय, दहा हजारात फिट करून देतो म्हणतायत.

आखाताचं मेडिकल वाफिद नावाच्या वेबसाईटवरून बुक होतं आणि सेंटर तिथूनच मिळतं. पैसे देऊन इथं फिट झालात तरी तिथं पोचल्यावर परत तपासणी असते. छातीच्या एक्सरेत जुन्या टीबीचा डाग दिसला तर परतीचं तिकीट. बीडीच्या धंद्यातल्या, यंत्रमागावरच्या घरातल्या पोरांनी तर आधी आपल्या डॉक्टरकडे एक्सरे काढावा, तीनशे-चारशेत कळतं, मग कर्ज काढायचं की नाही ते ठरवा.

कंपनीनं उतरल्या उतरल्या पासपोर्ट काढून घेतला. सगळ्यांचाच घेतात म्हणे.

घेतात, खरंय. कायद्यानं घेता येत नाही, हेही खरंय. एमिरातीत, सौदीत, कतारमध्ये मालकानं पासपोर्ट दाबून ठेवणं बेकायदा आहे, आणि आपल्या कायद्यानं पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता, तुमचीपण नाही, मालकाची तर नाहीच.

माझं सांगतो. माझा पासपोर्ट "सेफ्टीसाठी" कॅम्प ऑफिसच्या लोखंडी कपाटात होता. रात्री अकराला भावाचा फोन, आईला सिव्हिलला नेलंय, ये. मी ऑफिसात गेलो तर चावी ज्याच्याकडे तो सुट्टीवर गावाला गेलेला. तीन दिवस. कपाट समोर दिसतंय, हिरव्या रंगाचं, त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग, आणि आत माझा पासपोर्ट. मी पोचलो तेव्हा तिसऱ्याचे विधी उरकले होते. मी भांडलो नाही, तेव्हा मला माहीतच नव्हतं की भांडता येतं. वकिलातीला फोन केला असता तर त्यांनी कंपनीला फोन केला असता, नाहीतर तात्पुरता प्रवासाचा कागद काढून दिला असता. म्हणून सांगतोय, पासपोर्टच्या सगळ्या पानांचे, व्हिसाचे, कराराचे फोटो काढून स्वतःच्या ईमेलवर टाका आणि घरच्यांच्या फोनमध्येपण ठेवा.

पगार दोन-तीन महिने देत नाहीत. काय करायचं? काम बंद करू?

एकदम काम सोडून पळू नका, पळालं की हुरूब किंवा तसलीच नोंद होते आणि बाजू उलटते. आधी पुरावा जमवा. हजेरीचे फोटो, बँकेचा स्टेटमेंट, सुपरवायझरचे मेसेज. एमिरातीत पगार बँकेतूनच द्यायचा असा नियम २००९ पासून आहे, त्यामुळे पगार नाही आला हे सरकारी सिस्टीममध्ये दिसतं, आणि कामगार मंत्रालयात फोनवर किंवा अ‍ॅपवर हिंदीतूनपण तक्रार घेतात. काही मालक खात्यात पगार टाकतात आणि एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवतात, किंवा टाकलेल्यातले तीनशे परत रोख मागतात. कार्ड कधीच कुणाकडे द्यायचं नाही, हा पहिला दिवस पहिला नियम.

दुबईत भारतीय कामगारांसाठी टोल फ्री ८००४६३४२ आहे. इथून घरच्यांना विचारायचं असेल तर १८०० ११ ३०९०. शिवाय मदद नावाचं पोर्टल आहे, २०१५ पासून, त्यावर तक्रार टाकली की नंबर मिळतो आणि ती संबंधित वकिलातीकडे जाते. हळू चालतं, पण लेखी नोंद राहते आणि पुढे तीच कामाला येते.

आफ्रिकेत साखर कारखान्याची नोकरी आहे, पगार डॉलरमध्ये. तिथं लूटमार आणि पोलिसांची लाचखोरी लई आहे का?

ह्याचं उत्तर जरा लांबणार, कारण पॅनमन, बॉयलर अटेंडंट, केमिस्ट, टर्बाइनवाले आपल्याकडून बरेच जातात.

पगार चांगला असतो आणि वेळेवर असतो, हे आधी सांगतो, नाहीतर लोक म्हणतील हा घाबरवतोय. कॉलनी असते, जनरेटर असतो, कारखान्याच्या गेटला हत्यारी गार्ड असतो. धोका गेटच्या बाहेर आणि अंधार पडल्यावर. आमच्याकडे नियम होता, सहानंतर गाडी हायवेला नाही. एकदा मी मोडला. शनिवार होता, शहरात सामान आणायला गेलो, डाळ-तांदूळ आणि कुठल्यातरी गुजराती दुकानात मिळालेलं गोडंतेल, निघायला उशीर झाला. पोलिसांनी रस्त्यावर खिळ्यांची पट्टी टाकून गाडी थांबवली, ड्रायव्हरचं लायसन बघितलं, अग्निशामक बाटली बघितली, काही सापडेना तेव्हा त्यातला एक पोलीस माझ्याकडे वळून हसत म्हणाला, चाय? मला वाटलं चहा पाजतोय का काय. ड्रायव्हर हळूच म्हणाला, बॉस, चाय म्हणजे तो चहा नव्हे. पूर्व आफ्रिकेत लाचेला चाय म्हणतात, किंवा किटू किडोगो, म्हणजे "थोडं काहीतरी". आपल्याकडे चहापाणी म्हणतात तसंच की, मला तर घरी आल्यासारखं वाटलं.

मग द्यायची का लाच? द्या म्हणणार नाही, गुन्हा आहे, आणि परदेशी माणूस पैसे देताना सापडला तर रक्कम दहापट होते. पण तिथं उभं राहून तत्त्वज्ञान सांगायचं नाही हेपण खरं. आम्ही काय करायचो, पासपोर्टची आणि वर्क परमिटची कॉपी कायम गाडीत, ओरिजिनल ऑफिसात द्यायचे नाहीत, स्वतःच्या लॉकरमध्ये ठेवायचे, आवाज चढवायचा नाही, कागद दाखवायचे, पावती मागायची आणि कंपनीच्या स्थानिक एचआरवाल्याला फोन लावून स्पीकरवर द्यायचा. पावती म्हटलं की निम्म्या वेळा सोडून देतात. वर्क परमिट एक दिवसपण संपू देऊ नका, संपलेल्या परमिटवर जी लाच जाते ती महिन्याच्या पगाराएवढी असते.

पिवळ्या तापाची लस घ्या, सरकारनं ठरवलेल्या सेंटरवरच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी. "सुई नको, कार्ड देतो" म्हणणारे आहेत. बनावट कार्डावर तिथल्या विमानतळावर चाय मागतात, आणि तशा देशातून कार्ड नसताना भारतात उतरलात तर सहा दिवस क्वारंटाइन करून ठेवतात.

पगाराच्या दिवशी रोख घेऊन फिरायचं नाही, गळ्यात साखळी नाही, कॉलनीच्या बाहेर रोज त्याच वेळेला त्याच रस्त्यानं चालायला जायचं नाही. लुटारू आला तर मोबाईल देऊन टाकायचा, मोबाईल सोलापुरात सात रस्त्यावर दुसरा घेता येतो.

किडनॅपिंग, युद्ध असलं काही झालं तर?

देश बघून ठरवा. आफ्रिका म्हणजे एक देश नव्हे. केनिया-युगांडा वेगळं आणि माली-नायजर वेगळं. जुलै २०२५ मध्ये मालीतल्या एका सिमेंट कारखान्यावर हल्ला करून तीन भारतीयांना उचलून नेलं होतं. इराकमध्ये २०१४ ला मोसुलमध्ये ३९ भारतीय मजूर पकडले गेले आणि ते मारले गेले हे सरकारनं सांगितलं २०१८ च्या मार्चमध्ये, चार वर्षं घरचे वाट बघत होते. सुदानमध्ये एप्रिल २०२३ ला लष्कर आणि निमलष्करी दलात जुंपली तेव्हा ऑपरेशन कावेरी करून ३,८६२ जणांना बाहेर काढलं. वकिलातीत नाव-पत्ता नोंदवलेला असला की अशा वेळी शोधायला सोपं जातं, तेव्हा पोचल्यावर पहिल्या आठवड्यात नाव नोंदवा, दहा मिनिटांचं काम.

थायलंडमध्ये डेटा एंट्रीची नोकरी, हजार डॉलर, जेवण-राहणं फ्री, इंटरव्ह्यू टेलिग्रामवर झाला. जाऊ का?

नको. बाकीच्या प्रश्नांना मी "बघून ठरवा" म्हणतो, ह्याला सरळ नको.

बँकॉकला उतरवतात, गाडीत घालून सात-आठ तास माए सोटकडे नेतात, तिथून मोएई नदी ओलांडली की म्यानमारचं म्यावड्डी. मोठमोठे कंपाउंड, उंच भिंती, बंदूकवाले. पासपोर्ट आणि फोन जातो, आणि काम काय तर दिवसाचे पंधरा-सोळा तास खोट्या मुलीच्या फोटोवरून लोकांशी प्रेमानं बोलून त्यांना खोट्या गुंतवणुकीत पैसे घालायला लावायचं. टार्गेट नाही झालं की मारहाण, करंट, सोडायचे म्हणून डॉलरमध्ये खंडणी, नाहीतर दुसऱ्या कंपाउंडला विक्री. कंबोडिया आणि लाओसमधल्या गोल्डन ट्रँगलमध्येपण हेच. परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून सूचना काढतंय. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या दोन विमानांनी थायलंडमार्गे ५४९ भारतीयांना परत आणलं.

हे जाळं दहावी नापास मजुरासाठी नाही, कॉम्प्युटर येणाऱ्या, थोडं इंग्रजी येणाऱ्या डिप्लोमावाल्या पोरांसाठी आहे, म्हणून आईबापांना संशय येत नाही. ओळखायची खूण एकच, साध्या टायपिंगला एवढा पगार कुणी का देईल? इंटरव्ह्यूत कामाचं काही विचारत नाहीत, टायपिंग स्पीड आणि पासपोर्टचा फोटो, बास. थायलंडला भारतीयांना व्हिसाशिवाय फिरायला जाता येतं, त्याचाच फायदा घेतात.

रशियात हेल्परची, सिक्युरिटीची नोकरी आहे म्हणतायत.

रशियन भाषेतल्या कुठल्याही कागदावर भाषांतर हातात आल्याशिवाय सही करू नका. हेल्पर म्हणून नेऊन सैन्याच्या करारावर सह्या घेतलेल्या आपल्या पोरांपैकी १२ जण मेल्याचं मंत्रालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं.

मित्राच्या मित्रानं एक पार्सल दिलंय तिकडे द्यायला. आणि घरचा मसाला न्यायला चालतो का?

पार्सल नाही म्हणजे नाही, सख्ख्या मावशीनं दिलं तरी स्वतः उघडून, बॅगेच्या शिलाईसकट चाचपून. २०१९ ला मुंबईचं एक जोडपं नातेवाईकानं भेट दिलेल्या ट्रिपवर दोह्याला गेलं, बरोबर दिलेल्या पाकिटात चार किलो चरस निघाला, दहा वर्षांची शिक्षा लागली, सुटायला २०२१ उजाडलं.

मसाल्याचं लोकांना खरं वाटत नाही, पण खसखस एमिरातीत आणि सौदीत अमली पदार्थात मोडते. आपला काळा मसाला, अनारसे, दिवाळीचे चिरोटे, कशात खसखस आहे ते आईला विचारून घ्या. माझ्या रूममधल्या एकाच्या आईनं अनारसे दिले होते, त्यानं मुंबईला विमानतळाबाहेर उभं राहून अख्खा डबा हमालांना वाटला, रडवेला झाला होता. शेंगा चटणी आणि कडक भाकरी बिनधास्त न्या, महिनाभर टिकते. औषधांचंपण तसंच, ट्रामाडॉल, कोडीनचं खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या तिथं कंट्रोलमध्ये येतात, प्रिस्क्रिप्शन आणि आधी ऑनलाइन परवानगी पाहिजे.

येताना सोनं. "तिकीट फुकट, फक्त एवढी साखळी घालून ये" असं म्हणणारा भेटला की समजायचं आपल्याला कॅरियर बनवतायत. पकडला तर केस तुमच्यावर.

माझ्या नावावर सिम काढून मित्राला दिलं तर काय बिघडतं? बँक खातंपण मागतोय, महिन्याला ५०० दिरहम देतो म्हणतो.

पाचशे दिरहमची जेल आहे ती. त्या सिमवरून फसवाफसवी झाली, त्या खात्यात कुणाचे चोरीचे पैसे आले, तर पोलीस सिम आणि खातं ज्याच्या नावावर त्याला उचलतात. मार्च २०२५ मध्ये सरकारनं संसदेत आकडा दिला, परदेशातल्या तुरुंगांत १०,१५२ भारतीय, सगळ्यात जास्त सौदी आणि एमिरातीत. सगळे काही दरोडेखोर नसणार. हुंडीनं पैसे पाठवायचंपण ह्याच प्रकारातलं, दोन रुपये जास्त मिळतात म्हणून करतात, पण पैसे बुडाले तर पावती नाही आणि तक्रार केली तर आपणच आरोपी.

व्हॉट्सअ‍ॅपवर शिवी दिली म्हणून केस होते हे खरं का?

एमिरातीत खरंय, सायबर कायदा आहे, दंड लाखांत जातो. सोलापूरकराला हे अवघड, आपलं तर वाक्यच शिवीनं सुरू होतं, प्रेमानं बोललं तरी. व्हॉइस नोट हा पक्का पुरावा असतो, सुपरवायझरला पाठवायच्या आधी जीभ आवरा. लोकांचे, अपघाताचे, पोलिसांचे फोटो-व्हिडिओ काढून टाकायचे नाहीत.

बहिणीला ओमानला घरकामासाठी नेतो म्हणतायत, पगार २५ हजार.

तिचं वय काय आणि पासपोर्टवर शिक्का आहे का ते सांगा. शिक्केवाल्या पासपोर्टवर ३० वर्षांखालच्या बाईला त्या १८ देशांत कामाची परवानगीच नाही, आणि तीस पूर्ण असेल तरी घरकामाची भरती सरकारी एजन्सीतून करायची असा नियम आहे. नर्सचंपण तसंच, शिक्केवाल्या देशांत सरकारनं नेमलेल्या एजन्सीतूनच. त्यामुळे तुमच्या बहिणीला नेणारा नक्की व्हिजिट व्हिसावर नेणार. बंद घर, फोन काढून घेतलेला, भाषा येत नाही, आणि मालकीण म्हणते मी एजंटला पैसे देऊन तुला आणलंय, ते फिटेपर्यंत राहा. कामगार कॅम्पात निदान पन्नास लोक बघायला असतात, घरात कोण असतं?

राहायची रूम कशी बघायची?

१२ जून २०२४ ला कुवेतच्या मंगाफमध्ये कामगारांच्या इमारतीला पहाटे आग लागली, ४५ भारतीय गेले, बरेचसे धुरानं गुदमरून. तेव्हापासून मी सांगतो, पहिल्या दिवशी बॅग ठेवायच्या आधी जिना उतरून बघा, दुसरा जिना आहे का बघा, गच्चीचं दार उघडतं का बघा. सिलिंडर तळमजल्यावर ढीग करून ठेवलेत का? एका सॉकेटला सहा चार्जर? कॅम्प बॉसला सांगा, ऐकणार नाही, तरी सांगा आणि फोटो काढून ठेवा. उन्हाळ्यात एमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम लावायला बंदी आहे. सोलापूरच्या ४४ डिग्रीत वाढलो म्हणून मस्ती करू नका, तिथला दमटपणा वेगळा आहे.

पोलिसांनी पकडलं तर?

न कळणाऱ्या भाषेतल्या जबाबावर सही नाही, दुभाष्या मागायचा आणि वकिलातीला कळवा म्हणायचं, तो तुमचा हक्क आहे. वकील परवडत नसेल तर वकिलातीकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, त्यातून गरजूंना मदत होते. "मी पोलिसात ओळख आहे, दोन लाखात सोडवतो" म्हणून सोलापुरात घरच्यांना फोन करणारे असतात, कैदेतल्या माणसाचं नाव ह्यांना कुठून कळतं देव जाणे, पण पैसे घेतात आणि गायब होतात.

तिकडे कुणी वारलं तर बॉडी आणायला किती खर्च येतो?

खर्च मालकानं करायचा असतो. तो नाही म्हणाला आणि घरची ऐपत नसली तर त्याच कल्याण निधीतून वकिलात आणते. घरच्यांचं संमतीपत्र, मृत्यूचा दाखला, पोलिसांचा कागद आणि पासपोर्ट रद्द केल्याची नोंद लागते. घाईत कुठल्याही "आम्हाला काही येणं नाही" अशा कागदावर सही करू नका, राहिलेला पगार, सर्व्हिसचे पैसे आणि मृत्यू अपघाती असेल तर विम्याचे १० लाख वेगळे मिळायचे असतात, आणि हे पैसे घरच्यांना कुणी सांगत नाही.

इथल्या एजंटनं पैसे घेऊन फसवलं. सोलापुरात कुठं जाऊ?

आधी ज्या हद्दीत पैसे दिले ते पोलीस स्टेशन. लोक अजून चारशेवीस म्हणतात, जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ झालंय, पण हवालदाराला चारशेवीस म्हटलेलं लवकर कळतं. "हा तुमचा पैशाचा व्यवहार, आपसात मिटवा" म्हणून परत पाठवतील, तर लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि पोलीस आयुक्तांकडे जा, गाव ग्रामीणमध्ये असेल तर एसपी ऑफिस. लायसनशिवाय परदेशी भरती करणं हा एमिग्रेशन कायद्यानं वेगळा गुन्हा आहे, तो अर्जात लिहाच, नुसती उसनवारी वाटायला नको. दुसरी तक्रार मुंबईला, प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचं, म्हणजे परदेशी जाणाऱ्या कामगारांचं बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याचं, ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवनमध्ये आहे, रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसलं की सकाळी पोचता. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरवर फोन.

पैसे रोख दिलेत? मग अवघड. तरी त्याच्याशी झालेले मेसेज, त्यानं पाठवलेला खोटा व्हिसा, दिलेल्या वेळी बरोबर असलेला माणूस, सगळं जपा. आणि तुमच्यासारखेच फसलेले अजून पाच-दहा जण असतात, त्यांना शोधा, एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो, दहा जणांचा नाही.

जायच्या आधी घरी काय ठेवून जाऊ?

कंपनीचं नाव, पत्ता, कॅम्पचा पत्ता, सुपरवायझरचा नंबर, रूममधल्या एका तरी माणसाचा नंबर, पासपोर्ट-व्हिसा-कराराच्या कॉपी, विम्याचा कागद, त्या देशातल्या भारतीय वकिलातीचा नंबर, आणि एजंटला कधी किती दिले त्याचा हिशोब. बायकोला किंवा आईला वाचून दाखवा, नुसतं कपाटात टाकू नका. एक ठरलेला शब्दपण ठेवा, फोनवर कुणी शेजारी उभं असेल आणि खरं बोलता येत नसेल तर तो शब्द बोलायचा. आमचा शब्द होता "हुरडा". मी हुरडा कसा झालाय यंदा असं मे महिन्यात विचारलं की बायकोनं समजायचं, काहीतरी गडबड आहे, दुसऱ्या दिवशी १८०० ११ ३०९० ला फोन लावायचा. नऊ वर्षांत एकदाच वापरावा लागला.

तो पगाराचा लोच्या होता, दीड महिन्यानं मिटला.